नसलेल्या बेटाचा नकाशा

इ. स. १५१६ च्या अखेरीस लूव्हेन या विद्यापीठनगरीतील मुद्रक डिर्क मार्टेन्स यांच्या छापखान्यातून एक छोटेखानी लॅटिन पुस्तक बाहेर पडले. त्याच्या आरंभी एका बेटाचा नकाशा होता, त्या बेटावरील लोकांची वर्णमाला होती आणि त्याच लिपीत छापलेली चार ओळींची कविताही होती. त्या बेटाच्या वृत्तान्ताची वाखाणणी करणारी विद्वानांची पत्रेसुद्धा पुस्तकात समाविष्ट केलेली होती. सारा पुरावा होता. ते बेट तेवढे पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नव्हते. पुस्तकाचे नाव ‘युटोपिया’ आणि लेखक लंडनचे कायदेपंडित थॉमस मोअर.

पुढे १९३५ साली पोप पायस अकरावे यांनी ज्यांना संत म्हणून घोषित केले, तेच हे थॉमस मोअर. सद्सद्विवेकबुद्धीसाठी शिरच्छेद पत्करणारा हुतात्मा म्हणून त्यांची आपल्याला ओळख आहे. एका वाङ्मयप्रकाराची जडणघडण करणारा कारागीर ही त्यांची दुसरी ओळख मात्र आपल्या वाचनात क्वचितच येते. विज्ञानकथा, भविष्यकथा, अद्भुत प्रदेशांच्या कथा यांना आज इंग्रजी समीक्षेत ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ असे एकत्रित नाव आहे. आपण तिला तर्ककल्पित कथा म्हणू. ‘समजा, असे असते तर?’ हा तिचा मूळ प्रश्न. ती कशी रचावी आणि कशी वाचावी, या दोन्ही गोष्टींचे धडे मोअर यांच्या त्या पुस्तकात आणि त्याच्या पुढील इतिहासात सापडतात.

मोअर यांनी हा प्रकार शून्यातून निर्माण केला असे नाही. आदर्श नगरराज्याचा विचार प्लेटोने त्यांच्या आधी सुमारे एकोणीसशे वर्षे मांडला होता. दुसऱ्या शतकातील ल्युसियन या विनोदी ग्रीक लेखकाने तर चंद्रापर्यंतच्या प्रवासाची कथा रचली होती, आणि आपण सांगतो त्यातले एक अक्षरही खरे नाही, हे आरंभीच सांगून टाकले होते. मोअर आणि त्यांचे परममित्र इरॅस्मस या दोघांनी ल्युसियनच्या काही लेखनाचे लॅटिन भाषांतर केले; ते १५०६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. प्लेटोचे गांभीर्य आणि ल्युसियनची थट्टा हे दोन धागे मोअर यांच्या हाती आले ते असे. त्यांनी ते इतके घट्ट विणले की, कोणता धागा कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे ठरविताना आजही अभ्यासकांची तारांबळ उडते.

पुस्तकाचा जन्म एका व्यापारी वाटाघाटीतून झाला. १५१५ साली लोकरीच्या व्यापारासंबंधी बोलणी करण्यासाठी आठव्या हेन्री राजाने फ्लँडर्सला शिष्टमंडळ पाठविले. त्यात मोअर होते. बोलणी मध्येच थांबली आणि त्यांना सक्तीची फुरसत मिळाली. त्या काळात अँटवर्प येथे पीटर गाइल्स या नगरकार्यालयातील विद्वान अधिकाऱ्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि बेटाचे वर्णन लिहून झाले. हाच पुस्तकाचा दुसरा भाग. लंडनला परतल्यावर वकिली, दरबार आणि संसार यांच्या धबडग्यातून वेळ काढून त्यांनी दुसरा एक मजकूर लिहिला आणि तो पहिला भाग म्हणून अगोदर ठेवला. नंतर लिहिलेले आधी का ठेवले, या प्रश्नाकडे आपण पुढे येणारच आहोत.

कथेचा आरंभ अगदी साधा आहे. मोअर अँटवर्पच्या आवर लेडीच्या चर्चमधून उपासना आटोपून बाहेर पडतात. तेथे गाइल्स एका अनोळखी माणसाशी बोलत उभे असतात. उन्हाने रापलेला चेहरा, लांब दाढी, खांद्यावरून निष्काळजीपणे लोंबणारा झगा. मोअर यांना तो कोणी तांडेल वाटतो. तो असतो राफाएल हिथ्लोडे, पोर्तुगीज प्रवासी. अमेरिगो व्हेस्पुची या खऱ्याखुऱ्या दर्यावर्द्याच्या सफरीत तो सामील झाला होता, असे आपल्याला सांगितले जाते. व्हेस्पुचीच्या नावे छापलेल्या प्रवासवृत्तात चोवीस माणसे एका दूरच्या किल्ल्यात मागे ठेवल्याचा उल्लेख होता. मोअर यांनी नेमकी ती फट हेरली आणि आपला राफाएल त्या चोविसांत बसविला.

आपल्या दृष्टीने आणखी एक तपशील रंजक आहे. राफाएल परत कसा आला? तो आधी सिंहलद्वीपाला पोहोचला आणि तेथून आपल्या मलबार किनाऱ्यावरील कालिकतला. कालिकतच्या बंदरात त्याला पोर्तुगीज जहाजे भेटली आणि त्यांतून तो मायदेशी गेला. वास्को द गामा कालिकतजवळ उतरला तो १४९८ साली. गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला तो १५१० साली. पुस्तक निघाले तेव्हा या घटना लोकांच्या तोंडी ताज्या होत्या. नसलेल्या बेटावरून परत येणारी वाट मोअर यांनी अशा रीतीने आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून काढली. कल्पिताचा एक पाय वाचकाच्या ओळखीच्या जमिनीवर असावा लागतो, हा या कारागिरीतला पहिला धडा.

दुसरा धडा मोजमापांचा. बेट मध्यभागी दोनशे मैल रुंद आहे. पूर्वी ते मुख्य भूमीला जोडलेले होते. युटोपस राजाने पंधरा मैलांची संयोगभूमी खणून ते वेगळे केले. बेटावर चोपन्न नगरे आहेत आणि प्रत्येक नगरात सहा हजार कुटुंबे. सकाळी तीन तास काम, मग भोजन, दोन तास विश्रांती, पुन्हा तीन तास काम. घरांना कुलपे नाहीत आणि दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरे बदलतात. ‘फार पूर्वी एक सुखी राज्य होते’ असे म्हटले असते, तर वाचकाने ती परीकथा म्हणून बाजूला ठेवली असती. आकडे दिल्यावर तो नकळत हिशेब करू लागतो: सहा तासांत सर्वांचे पोट भरेल का? आणि हिशेब करता करता त्याच्या ध्यानात येते की आपल्या देशात किती माणसे काहीच न करता जेवतात. मोअर यांना नेमका हाच हिशेब वाचकाकडून करवून घ्यायचा होता.

इतकी खात्री पटविल्यावर लेखकाने फसवणूक केली असे होऊ नये, म्हणून मोअर यांनी जागोजागी संशयाच्या खिडक्या उघड्या ठेवल्या. ग्रीक जाणणाऱ्याला त्या चटकन दिसतात. ‘युटोपिया’ म्हणजे कोठेच नसलेली जागा. उच्चार किंचित बदलला तर तीच सुखाची जागा होते. राजधानीचे नाव धूसर नगर अशा अर्थाचे. नदीचे नाव ‘पाणी नसलेली’. राफाएल हे नाव तर आपल्या परिचयाचे. तोबिताच्या पुस्तकात तरुण तोबियाला प्रवासात सोबत करणारा आणि त्याच्या पित्याची दृष्टी परत मिळवून देणारा देवदूत तो हाच. परंतु आडनाव हिथ्लोडे म्हणजे पोकळ बडबडीत तरबेज. डोळे उघडणारा आणि थापाड्या, दोघेही एकाच माणसाच्या नावात बसविलेले आहेत. त्याचे किती ऐकायचे हे वाचकाने ठरवायचे.

प्रस्तावनेच्या पत्रांतली थट्टा याहून बहारदार आहे. गाइल्स यांना लिहिलेल्या पत्रात मोअर चिंता व्यक्त करतात की, राजधानीच्या नदीवरील पूल पाचशे पावले लांब असल्याचे आपल्याला आठवते, पण आपला तरुण सोबती जॉन क्लेमंट म्हणतो की नदीच तीनशे पावलांहून रुंद नाही. तेव्हा राफाएललाच विचारून खात्री करून घ्यावी! एका भाविक धर्मपंडिताला युटोपियात जाऊन तेथला बिशप व्हायचे आहे, असेही ते लिहितात. मग बेट नेमके आहे कोठे? गाइल्स आपल्या पत्रात खुलासा करतात की, राफाएल ती जागा सांगत असतानाच एका नोकराने मोअर यांच्या कानात काही कुजबुजले आणि त्याच क्षणी मंडळींतील कोणी तरी मोठ्याने खोकले. त्या खोकल्यात बेटाचा ठावठिकाणा कायमचा हरवला.

१५१७ च्या पॅरिस आवृत्तीत मोअर यांनी आणखी एक पत्र जोडले. मला खोटेच सांगायचे असते, तर मी जाणकारांसाठी नावांतून खुणा पेरल्या असत्या, बेट कोठेच नाही, नदीला पाणी नाही, असे सुचविले असते. परंतु इतिहासकाराच्या प्रामाणिकपणामुळे मला ती रानटी, निरर्थक नावे जशीच्या तशी द्यावी लागली, असा त्या पत्राचा आशय. ज्या खुणा त्यांनी पेरल्या होत्या, त्याच आपण पेरल्या नाहीत असे ते गंभीर चेहऱ्याने सांगतात. जाणत्याने हसावे आणि हसता हसता पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचावे, अशी ही योजना.

तिसरा धडा सर्वांत अवघड: जे गृहीत धरले त्याच्याशी इमान राखायचे. मोअर यांचे गृहीत असे की, खाजगी मालमत्ता आणि पैसा नसलेला, शुभवर्तमान न ऐकलेला, केवळ बुद्धीच्या प्रकाशात चालणारा एक समाज आहे. एकदा हे मानले की त्यातून निघणारी गोड फळे आणि कडू फळे दोन्ही दाखवावी लागतात. पैसा नाही म्हणून सोन्याला मान नाही. त्याची शौचपात्रे आणि गुलामांच्या बेड्या घडविल्या जातात. हिरेमोती मुलांच्या खेळण्यात. परदेशी वकील अंगभर दागिने घालून येतात, तेव्हा एक पोर आईला ढोसून म्हणते की हा एवढा मोठा माणूस लहान मुलासारखे मणी घालून काय हिंडतो? आई त्याला गप्प करते. तिला वाटते तो वकिलांसोबत आलेला विदूषक असावा. येथवर वाचक खूश असतो. पण याच बेटावर गुलामगिरी आहे. परवान्याशिवाय दुसऱ्यांदा प्रवास केला तर शिक्षा गुलामीची. लढायांसाठी भाडोत्री सैनिक विकत घेतले जातात. असाध्य दुखणाईताला मरण पत्करण्याचा सल्ला दिला जातो, आणि तो देणाऱ्यांत तेथले धर्मगुरूही असतात. घटस्फोटाला मुभा आहे.

हे वाचून कोणी भाविक गोंधळून विचारील, संत थॉमस मोअर यांना हे मान्य होते काय? त्यांचे सारे आयुष्य याच्या विरुद्ध साक्ष देते. तारुण्यात सुमारे चार वर्षे ते लंडनच्या कार्थुसियन मठाच्या सान्निध्यात प्रार्थनेत रमले होते, आणि राजाच्या घटस्फोटाच्या प्रकरणातूनच पुढे त्यांच्यावर मरण ओढवले. युटोपियातले सामुदायिक भोजन, भोजनाआधीचे वाचन, सर्वांचा एकसारखा साधा पोशाख यांत मठजीवनाची छाया सरळ दिसते; परंतु गुलामी आणि इच्छामरण यांत ती नाही. लेखकाने दाखविले ते सारे त्याला हवे होते, असे मानणे ही तर्ककल्पित कथा वाचण्यातली पहिली चूक. ज्यांना शुभवर्तमान मिळालेच नाही ते केवळ बुद्धीने येथवर पोहोचतात, तर मग ज्यांना ते मिळाले त्या ख्रिस्ती युरोपची ही दशा का? बेटाच्या वर्णनाआडचा प्रश्न हा आहे.

तो प्रश्न कोठून आला, हे पहिला भाग सांगतो. म्हणूनच नंतर लिहिलेला तो भाग आधी आला आहे. त्यात राफाएल कार्डिनल मॉर्टन यांच्या पंक्तीला झालेल्या वादाची हकिकत सांगतो. बालपणी मोअर स्वतः या मॉर्टन यांच्या घरी सेवेला होते. म्हणजे हे घर खरे आहे. तेथे कोणी अभिमानाने सांगतो की चोरांना एकेका फाशीच्या खांबावर वीस-वीस जण लटकावले जातात, तरी चोर कमी का होत नाहीत, कळत नाही. राफाएल उत्तर देतो की, लोकरीला भाव आला म्हणून जमीनदारांनी शेते आणि गायराने कुंपणे घालून बंद केली, गावे ओस पाडली, कुळांना हाकलले. आता इंग्लंडातील गरीब मेंढ्याच माणसांना खाऊ लागल्या आहेत. उपाशी माणसाने चोरी करावी किंवा भीक मागावी, याखेरीज त्याला वाट ठेवली नाही, आणि मग त्यालाच फासावर चढविले. ज्या लोकरीच्या व्यापारासाठी लेखक परदेशी गेला, तीच लोकर त्याच्या पुस्तकाच्या मुळाशी असलेली जखम ठरली. ती जखम पाहिल्याशिवाय बेट पाहिले तर ती नुसती करमणूक होते.

पुस्तक जगात गेले आणि वाचकांनी त्याचे जे केले तो एक स्वतंत्र इतिहास आहे. स्पॅनिश कायदेपंडित व्हास्को दे किरोगा १५३१ साली न्यायाधीश म्हणून मेक्सिकोत पोहोचले. जिंकलेल्या आदिवासींची दैना पाहून त्यांनी ‘युटोपिया’ आराखड्यासारखा हाती घेतला. १५३२ साली मेक्सिको शहराजवळ आणि पुढच्या वर्षी मिचोआकान प्रांतात त्यांनी स्वतःच्या पैशाने सांता फे या नावाची दोन गावे वसविली. तेथे जमीन सामायिक, काम दिवसाला सहा तास, आणि पिकाचे वाटप गरजेप्रमाणे असा नियम होता. पुढे ते मिचोआकानचे बिशप झाले. तेथील लोक त्यांना ‘ताता व्हास्को’, म्हणजे बाबा व्हास्को म्हणत. १५३५ च्या जुलै महिन्यात त्यांनी राजदरबाराला पाठविण्यासाठी एक दीर्घ निवेदन पूर्ण केले आणि त्यात मोअर यांच्या प्रतिभेचा मोठा गौरव केला. त्याच महिन्याच्या ६ तारखेला मोअर यांचा लंडनमध्ये शिरच्छेद झाला होता. ती वार्ता इतक्यात समुद्रापार पोहोचणे शक्यच नव्हते.

दुसऱ्या टोकाला, १८८८ साली कार्ल काउट्स्की या जर्मन समाजवाद्याने मोअर यांना समाजवादाचे पूर्वसूरी ठरविणारा ग्रंथ लिहिला. रशियन क्रांतीनंतर १९१८ साली मॉस्कोतील एका स्मारकस्तंभावर क्रांतिकारी विचारवंतांची नावे कोरली गेली, त्यांत मोअर यांचेही नाव होते. तो स्तंभ २०१३ साली पुन्हा मूळच्या राजघराण्याच्या स्मारकाच्या रूपात बदलण्यात आला. म्हणजे एकाच माणसाचे नाव मॉस्कोने दगडावर कोरले आणि रोमने संतांच्या यादीत घातले. दोघांनी एकच पुस्तक वाचले होते; बेटावरून कोणी काय उचलले, यात फरक होता. किरोगा यांना त्यात पीडितांचे घर दिसले, काउट्स्कींना भावी राज्यव्यवस्था दिसली. किरोगा यांची गावे त्यांच्या निधनानंतरही पिढ्यान्‌पिढ्या टिकली, याचे कारण कदाचित हेच असेल की त्यांनी आधी समोरची जखम पाहिली आणि मग पुस्तक उघडले.

आणि स्वतः लेखक? पहिल्या भागातच राफाएल आणि मोअर यांचा वाद आहे: शहाण्याने राजाच्या सेवेत शिरावे का? राफाएल म्हणतो, दरबारात सत्याला जागा नाही. मोअर म्हणतात, वारा आपल्या हाती नाही म्हणून वादळात जहाज सोडून जाऊ नये. भले करता आले नाही, तर निदान वाईट कमी होईल इतके तरी पाहावे. पुस्तक निघाल्यावर थोड्याच काळात मोअर राजाच्या सल्लागार मंडळात गेले आणि १५२९ साली लॉर्ड चॅन्सलर झाले. ज्या बेटावर निरनिराळ्या धर्ममतांचे लोक शेजारी राहतात, त्या बेटाच्या निर्मात्याच्या अधिकारकाळात इंग्लंडमध्ये सहा जणांना पाखंडाच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. संताविषयी आदर बाळगूनही ही गोष्ट झाकून ठेवता येत नाही. युरोपात धर्मभेदाचा वणवा पेटलेला असताना, १५३२ साली, त्यांनी असेही लिहिले की, इरॅस्मसचे थट्टेचे पुस्तक किंवा आपले स्वतःचे काही जुने लेखन आज कोणी इंग्रजीत आणून साध्या लोकांचा त्यातून घात होणार असेल, तर ती पुस्तके आपण आपल्या हाताने जाळू. त्यांनी ‘युटोपिया’चे नाव घेतले नाही, पण त्यांच्या हयातीत ते पुस्तक इंग्रजीत आलेही नाही. राल्फ रॉबिन्सन यांचे भाषांतर निघाले ते १५५१ साली.

कल्पित कथा लिहिणाऱ्याच्या मनातली ही भीती समजून घेण्यासारखी आहे. संशयाच्या खिडक्या जाणत्यांसाठी ठेवल्या होत्या. ज्याला त्या दिसत नाहीत तो बेटाला आज्ञापत्र समजेल, ही ती भीती. पण पुस्तक जाळण्याने ती दूर होत नाही, चांगला वाचक घडविल्याने होते. मोअर यांनी १५३२ मध्ये पद सोडले, १५३४ मध्ये राजाने फर्मावलेली शपथ नाकारून टॉवरची कोठडी पत्करली, आणि वादळात जहाज किती काळ धरून ठेवायचे व कोठे सोडायचे याचे उत्तर स्वतःच्या प्राणाने दिले. पहिल्या भागातल्या त्या वादाला याहून प्रामाणिक उपसंहार कोणी लिहू शकला नसता.

आज आपल्या घरांतली मुले परग्रहांच्या, यंत्रमानवांच्या, उद्ध्वस्त भविष्याच्या कथा आवडीने वाचतात आणि पडद्यावर पाहतात. पुष्कळ पालकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांनी मुलांच्या शेजारी बसून तीन साधे प्रश्न विचारून पाहावेत: या कथेने आपल्या जगातली कोणती एक गोष्ट बदलली? ही कथा सांगणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा? आणि लेखकाच्या स्वतःच्या गावातली, देशातली कोणती जखम त्याला इतक्या दूर घेऊन गेली? पुस्तकाच्या शेवटी कथेतले मोअर म्हणतात की, युटोपियातल्या पुष्कळ गोष्टी आपल्याकडे याव्यात असे वाटते, पण येतील अशी आशा नाही; आणि ते राफाएलचा हात धरून त्याला जेवायला आत नेतात. जेवणाची पंगत तीच, घर तेच. फक्त पंगतीला बसणाऱ्याला आता बाहेर कोण उपाशी आहे, हे ठाऊक झालेले असते.